घशातली भूमिती

आमच्या घरात अभ्यास ऐकू यावा लागे. देवासला मंदिराच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दत्तमंदिराचे पुजारी. दुपारचा नैवेद्य झाला की ते ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसत आणि त्यांचा एक कान आतल्या खोलीकडे असे. आतून माझा आवाज येतोय तोवर पोरगी अभ्यास करतेय. आवाज थांबला की अण्णांचं खाकरणं. तरीही काही ऐकू आलं नाही की "पमे" अशी हाक, रागाची नव्हे, नळाचं पाणी गेलं का ते बघावं तशी. मग मी जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू होई, पुष्कळदा काय म्हणतेय याचा पत्ता नसताना. देवीच्या टेकडीवरून वाऱ्यानं येणारे भजनाचे तुकडे, पलीकडच्या गल्लीत कचोरीच्या कढईचा वास, आणि त्या सगळ्यात माझा आवाज, "नर्मदा अमरकंटक से निकलकर खम्भात की खाड़ी में गिरती है." नर्मदा त्या खाडीत आमच्या घरातून किती वेळा पडली ते तिचं तिलाच ठाऊक.

अण्णांना दोष द्यायचा तर आधी त्यांच्या शिकण्याची रीत सांगायला हवी. आमचं घर भिक्षुकीचं. पणजोबांना संस्थानच्या काळात इकडे आणलं गेलं ते देवाची पूजाअर्चा करायला, आणि मग आम्ही इथलेच झालो. अण्णा त्यांच्या वडिलांकडून सगळं संथेनं शिकले. संथा म्हणजे गुरूनं एक तुकडा म्हणायचा, शिष्यानं तो तसाच म्हणायचा, न अडखळता तोंडातून निघेपर्यंत म्हणत राहायचा, मग पुढचा तुकडा. समोर पोथी नाही, हातात लेखणी नाही. अर्थ विचारला असता तर आजोबांनी कानाखाली दिली असती, हे अण्णा तक्रार म्हणून नव्हे, अभिमानानं सांगत. हिंदी शाळेत ते जेमतेम चौथीपर्यंत गेले असतील. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं विद्या राहते घशात. डोळे आणि हात हे तिचे गडी. पाठ झालं ते आलं, पाठ नाही ते आलं नाही, आणि या दोहोंच्या मध्ये काही असू शकतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी माझी पुस्तकंही तशीच संथेला लावली. हिंदी पुस्तक हातात धरून ते एकेक वाक्य म्हणत, मी मागून म्हणे. पुस्तकातलं काहीही गाळायचं नाही हा नियम, म्हणून मी "सामने के चित्र को ध्यान से देखो" हेसुद्धा पाठ केलं, चित्राकडे न बघता. इतिहास झाला, भूगोल झाला, आणि वरच्या वर्गात गेल्यावर भूमिती आली, शाळेच्या भाषेत ज्यामिति. इथे मात्र मी आजही दात खाते. "मान लो त्रिभुज अ ब स में द और इ भुजाओं के मध्यबिन्दु हैं" हे अण्णा अशा सुरात म्हणत की समोर कुणाची मुंज लागली असावी. स्वल्पविराम आला की श्वास. शेवटी "यही सिद्ध करना था" म्हणताना आवाज खाली आणून, जसा शांतिपाठ संपवावा. आकृती म्हणता येत नाही, म्हणून ती आमच्या अभ्यासात नव्हती. मी वर्षभर रोज "समान्तर रेखा खींचो" असं म्हणत होते आणि एकदाही मी रेघ ओढली नव्हती.

विद्या घशात राहते म्हटल्यावर घसा जपायला हवा. माळव्यात राहून सेव न खाणं म्हणजे काय शिक्षा आहे हे इकडच्या माणसालाच कळेल. इकडे पोह्यांवर सेव, भाजीत सेव, पाहुणा आला की आधी सेव. परीक्षा जवळ आली की आमच्या घरी सेव बंद, कचोरी बंद, लोणचं, चिंच, बर्फाचा गोळा सगळं बंद. मुगाची खिचडी, वर साजूक तूप, जिभेखाली ज्येष्ठमधाची काडी आणि झोपताना खडीसाखर. शाळेच्या फाटकाबाहेर पोरी भुट्ट्याचा कीस द्रोणातून खात उभ्या असत आणि मी ज्येष्ठमध चघळत त्यांच्याकडे बघत असे. माझी मैत्रीण सरोज हाटपिपल्याची, देवासला मामाकडे राहून शिकणारी. ती म्हणे, तुला काय चिंता, तुझ्या तर घरातच भगवान आहेत.

सरोजची रीत वेगळी होती, पण शहाणी तीही नव्हती. तिच्या पुस्तकात मोरपीस असे, शिवाय ज्याला आम्ही 'विद्या' म्हणत असू त्या झुडपाची चपटी पानं. परीक्षेच्या आधी टेकडीवर जाऊन देवीच्या भिंतीवर कुंकवानं उलटा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, पास झालं की पुन्हा चढून जायचं आणि तो सुलटा काढायचा, ही आमच्याकडची जुनी चाल. आमच्या वर्गानं त्या भिंतीवर इतके उलटे सातिये काढले होते की देवीला पोरी ओळखायला हजेरीच घ्यावी लागली असती. कुणी परीक्षेच्या दिवशी नवं पेन वापरत नसे, कुणी आदल्या दिवशी केस धूत नसे. देवभक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी पुजाऱ्याची मुलगी आहे. पण आम्ही सगळ्या मिळून एवढे उपाय करत होतो, आणि धडा घेऊन बसावं, तो समजून घ्यावा, हा उपाय एकीलाही सुचला नव्हता. 'समझना' हे क्रियापद आम्ही नवरा आणि सासू यांच्यासाठी राखून ठेवलं होतं.

हे लिहिताना मी धारला माझ्या घराच्या गच्चीवर बसले आहे आणि खाली शेजारची पोरं मोबाइलवर गणिताचा व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवत बसली आहेत. मास्तर चिमणीसारखा बोलतोय. मी जन्मभर गणित शिकवलं, म्हणून पोरं अजून येतात. मघाशी एकाला विचारलं, कळलं का? तो म्हणाला, "हौ आजी, पूरा देख लिया." मी म्हटलं, पाहिलंस का नाही विचारलं, कळलं का ते विचारलं. दुसरा त्याला म्हणाला, "छोड़ ना भिया, अपना मॅथ्स का दिमाग ही नहीं है." मला पायरीवरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं दोघांना. इतकी वर्षं गेली, आणि विद्या घशातून निघून फक्त डोळ्यात जाऊन बसली आहे. हाताशी तिची ओळख अजून नाही.

तर माझे मार्क. मार्क उत्तम पडत. तेव्हा प्रश्न पुस्तकातलेच येत, अक्षरंही तीच, त्यामुळे संथा फळाला येई. मोहल्ल्यात माझं नाव झालं होतं. घरी पाहुणे आले की चहाबरोबर मी. अण्णा म्हणत, "पमे, म्हण गं ते त्रिकोणाचं." कन्नौदहून धान्याचा व्यापार करणारे एक दूरचे काका येत असत, त्यांना मी सबंध पायथागोरस म्हणून दाखवला होता. काका डोळे मिटून, कीर्तनाला डोलावं तसे डोलले होते. आई माजघराच्या दारातून ऐकत उभी असे. ती निरक्षर होती. पण तिचं ऐकणं पक्कं होतं, ते किती पक्कं हे पुढे कळलं.

बोर्ड तेव्हा अकरावीला असे. त्या वर्षी शाळेत गणिताला दुबे सर आले. बारीक, चिडके, बाहीवर कायम खडू. त्यांनी सहामाहीला पुस्तकातलाच सिद्धांत विचारला, पण त्रिकोण उलटा टांगला आणि कोपऱ्यांना अ ब स ऐवजी क ख ग अशी नावं दिली. मी आकृतीकडे पाहिलंच नाही. मला प्रश्नातले पहिले शब्द ओळखीचे वाटले आणि घसा सुरू झाला. अ ब स, द, इ, सगळं घडाघडा उतरवलं. सरांनी पानभर लाल रेघ मारून खाली शून्य घातलं. मी धीर करून म्हटलं, सर, एक अक्षर सुटलेलं नाही. ते म्हणाले, "नहीं छूटा, यही तो रोना है."

शून्य ऐकून अण्णा उपरणं खांद्यावर टाकून थेट शाळेत आले. आमच्या घरातल्या कुणी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत पाय ठेवण्याची ती पहिली वेळ. सगळ्यांसमोर त्यांनी सरांना सांगितलं, की मुलीनं काही चुकवलेलं नाही, मी स्वतः ऐकलं आहे. आणि मला म्हणाले, म्हण. मी म्हटलं. पहिल्यापासून "यही सिद्ध करना था" पर्यंत. इंग्रजीच्या बाईंनी टाळीसुद्धा वाजवली. सर फळ्यापाशी गेले, त्यांनी तोच उलटा त्रिकोण काढला आणि खडू माझ्या हातात दिला. मी उभी. खडू हातात, घसा कोरडा, इतक्या वर्षांची खडीसाखर फुकट. शेवटी अण्णाच म्हणाले, "सर, ये त्रिकोण पुस्तक का नहीं है. ये आपने अपने मन से बनाया है."

आजही हे वाक्य आठवलं की मला हसू येतं आणि मग रागही येतो, कारण पुढे जे झालं ते त्याहून वाईट. मला वाटलं होतं सर आता अण्णांना समजावतील, की पोरीला असं शिकवा, तसं शिकवा. सरांनी अण्णांना खुर्ची दिली आणि आवाज मऊ करून म्हणाले, "पंडितजी, गणित का दिमाग ऊपरवाला देता है. जिसको दिया, उसको दिया. लड़की याददाश्त वाली है, गणित वाली नहीं. दिवाली के बाद बोर्ड के फॉर्म भरेंगे, उसके पहले विषय बदलवा लो. संस्कृत दिलवा दो, चमक जाएगी." आणि अण्णांना ते एकदम पटलं. संस्कृतात कोणी अक्षरं बदलत नाही. मघाशी भांडणारे दोघं माझ्या डोक्यावरून बोलत चहा प्यायले. एकाच्या मते विद्या घशात असते, दुसऱ्याच्या मते ती जन्मताच कपाळात घालून मिळते, आणि कष्ट करून शिकता येते असं म्हणणारा त्या खोलीत एकही नव्हता. गणित सुटलं की विज्ञानाचं कॉलेज सुटलं, आणि ते सुटलं की मी देवासच्या त्या दोन खोल्यांतून फक्त लग्नाच्या मांडवात जाणार होते, हे मला लख्ख कळत होतं. विषय बदलायचा अर्ज दिवाळीच्या सुटीनंतर द्यायचा ठरला.

मला गणित आवडत होतं म्हणून मी हट्ट धरला असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. मला राग आला होता. सुटी लागली तशी मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी केली, पट्टी घेतली आणि तो सिद्धांत पहिल्यांदा काढायला घेतला. आधी पुस्तकातल्यासारखा, मग आडवा, मग उलटा, मग निराळ्या अक्षरांनी. दुसऱ्याच ओळीत "क्योंकि" आलं. हे "क्योंकि" मी वर्षानुवर्षं श्वास घ्यायची जागा म्हणून वापरत आले होते. त्याच्यापाशी आता थांबले, तर थांबलेच. का? हे दोन कोन सारखे का? एक अख्खी दुपार त्या एका शब्दात गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा कुणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर खोलीत फक्त पितळेचा डबा.

अडचण अशी की विचार करताना तोंड बंद राहतं. ओसरीवरून अण्णांचं खाकरणं, मग "पमे". मी दोन ओळी मोठ्यानं म्हणून टाके, की डोक्यात जुळलेलं सगळं विस्कटे. पुन्हा जुळवावं, पुन्हा "पमे". तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी पट्टी आपटली. आई चुलीपाशी पोळ्या लाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, आणि पुन्हा पोळपाटाकडे वळून खणखणीत सुरू केलं, "मान लो त्रिभुज अ ब स में द और इ भुजाओं के मध्यबिन्दु हैं." आवाज माझ्यासारखाच. मी बघतच राहिले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिला सगळंच पाठ झालेलं. तिनं लाटण्यानंच खूण केली, तू कर तुझं.

त्या सुटीतली दिवाळी मी कधी विसरणार नाही. आई करंज्या तळतेय आणि सर्वांगसम त्रिभुज म्हणतेय. चकलीचा सोऱ्या दाबताना दम लागला की ओळ मध्येच तुटायची, मग पुढच्या चकलीला जोडली जायची. बाहेर अण्णा वाती वळत समाधानानं ऐकतायत. आणि मी कोपऱ्यात कॅलेंडरच्या पानांवर रेघा ओढतेय, खोडतेय, चिडतेय. मला पटकन काही येत नव्हतं. एकेक सिद्धांत दिवसचे दिवस खाई. पण जो कळला तो उलटा टांगला तरी सुटत नव्हता, आणि हे सुख मला घशानं कधी दिलं नव्हतं.

भाऊबीजेच्या दुपारी घोळ झाला. आईच्या कढईत शंकरपाळे होते, ते जास्त लाल होतायत म्हणून तिचं लक्ष तिकडे गेलं, आणि "स से अ ब के समान्तर रेखा खींचो" म्हणता म्हणता ती सरळ पुढे गेली, "और खम्भात की खाड़ी में गिरती है." ओसरीवरचा हात थांबला असणार. अण्णा चूक सहन करणारे नव्हते. ती सुधारायला म्हणून ते आत आले आणि दारातच उभे राहिले. आईच्या हातात झारा, तोंडात ज्यामिति. मी कोपऱ्यात, मुकी.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

आईनं कढई उतरवून खाली ठेवली. म्हणाली, "तिला विचार करायचा असतो. तुम्हाला आवाज लागतो. म्हणून मी म्हणते."

अण्णांनी पुस्तक उचललं, पान काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हण."

"मला आता पाठ नाही, अण्णा."

"म्हणजे येत नाही."

"येतं."

"पाठ नाही, आणि येतं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. जेवले नाही आणि पोट भरलंय, असं मी म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मग मी जे बोलले ते बोलायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, "पाठ म्हणजे येणं असेल, तर आईला येतं. सगळं पुस्तक येतं. मला संस्कृत द्या आणि आईला गणिताच्या पेपरला बसवा."

अण्णांनी आईकडे पुस्तक वळवलं, जसं काही ती वाचू शकणार होती, आणि तिलाही म्हणाले, म्हण. तिनं पदराला हात पुसले आणि सबंध सिद्धांत म्हटला, या वेळी खाडीत न पडता. अण्णांचं बोट ओळीवरून सरकत होतं. एक अक्षर चुकलं नाही. ते संपल्यावर मी विचारलं, "आई, समान्तर म्हणजे काय गं?"

आई हसली. "मला काय ठाऊक बाई. तिकडं पीपलरावां गावाच्या बाजूचं एखादं खेडं असेल."

मलाही हसू फुटलं होतं, पण अण्णांकडे पाहिलं आणि ते घशातच राहिलं. ते पुस्तकाकडे बघत होते. माझ्याशी नाही, आईशी म्हणाले, "मलाही नाही ठाऊक." मग पुस्तक खाली ठेवलं आणि आणखी हळू म्हणाले, "सकाळपासून रात्रीपर्यंत मी जे म्हणतो, त्यातलं तरी किती ठाऊक आहे." आई म्हणाली, अहो, देवाचं वेगळं. त्या संध्याकाळी आरतीनंतर मंत्रपुष्पांजलीच्या मध्यावर अण्णा थांबले. विसरले नव्हते. एका शब्दापाशी थांबले होते, मी "क्योंकि"पाशी थांबले होते तसे. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी पुढची ओळ उचलून धरली आणि वेळ निभावली.

पुढचे काही दिवस घरात फार शांतता होती. खाकरणं नाही, हाक नाही. मी मनातून घाबरले होते. अण्णांना दुखावून मी जिंकले खरी, पण अर्ज त्यांच्याच सहीनं जाणार होता, आणि दुखावलेला माणूस सही आधी करतो. शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी तीर्थ दिलं तेव्हा हातातली पळी तशीच धरून म्हणाले, दुबे सरांना सांग, अर्ज येणार नाही. मी मान वर केली तर लगेच पुढचं. नापास झालीस तर शिक्षण तिथेच संपलं, मग आईकडून वदवून घेऊ नकोस. बस, एवढंच.

आता इथे एखादा शिकलेला माणूस लिहील की मग मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. नाही मिळाले. मला जेमतेम दुसऱ्या श्रेणीचे मिळाले, आणि कुंजी, म्हणजे तयार उत्तरांचं गाइड, घोकून, मोरपीस ठेवून बसलेल्या सरोजला माझ्यापेक्षा बरेच जास्त. मला पेपर पुरा झाला नाही. प्रत्येक "क्योंकि"ला मी थांबत होते आणि घड्याळ थांबत नव्हतं. सरोज टेकडीवर जाऊन सातिया सुलटा करून आली आणि मला पेढा दिला. दुबे सर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, मी सांगितलं होतं. मोहल्ल्यातल्या बायका आईकडे येऊन, एवढी हुशार पोर, कुणाची दृष्ट लागली, असं हळहळून गेल्या. मी इतकी संतापले होते की दोन दिवस जेवले नाही, आणि या वेळी सेव खायला कुणाची मनाई नव्हती. म्हणून मी शिक्षिका झाल्यावर पोरांना कधी खोटं सांगितलं नाही. समजून घेतलं की मार्क वाढतात असं मी म्हणत नाही. कधी कमी होतात. पालक चिडतात, मुख्याध्यापक बोलावून घेतात. मी म्हणते, चालेल, होऊ देत.

पण तेव्हा ते चालण्यासारखं नव्हतं. त्या मार्कांवर विज्ञानाच्या कॉलेजात नाव लागतं की नाही ते बघायला मी आणि अण्णा कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातलं कॉलेजच्या फाटकातून आत शिरलेलं मी पहिलं माणूस, आणि शिरले ती मान खाली घालून. अण्णांचं धुतलेलं धोतर आणि कपाळाला गंध. मला वाटत होतं ते ऐनवेळी माघार घेणार. खुर्चीवर बसलेला माणूस जे सांगेल त्याला हो म्हणायची त्यांची जन्माची सवय होती, शिक्षकांच्या खोलीत मी ती पाहिली होती.

खिडकीतल्या बाबूनं तोंडातलं पान एका गालात सरकवून गुणपत्रिका वाचली आणि खरोखर कळवळ्यानं बोलला. हिंदी किती छान आहे, म्हणाला, आणि गणितात तर मुलगी कशीबशी दुसऱ्या श्रेणीत निघाली आहे. "पंडितजी, मेरी मानो, बी. ए. में संस्कृत दिलवा दो. फर्स्ट आएगी, आपका नाम होगा."

मागे रांग होती. कुणीतरी ढकलत होतं. अण्णांनी खिडकीच्या गजाला धरलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण ते हो म्हणतील तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघायचा नव्हता.

"संस्कृत घर में बहुत है, साहब," अण्णा म्हणाले. "गणित नहीं है. वही लिखो."

बाबू म्हणाला, एकदा लिहिलं की बदलत नाही. अण्णा बाजूला झाले आणि त्यांनी मला खिडकीपुढे उभं केलं. बाबूनं टाक उचलून माझ्याकडे पाहिलं. मी विषय सांगितला, आणि त्यानं तो लिहिला.